दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर

आधी शैलजा मॅडमचं नाव लिहितो, मग काय झालं ते. इथल्या मराठी मंडळाच्या मंडळींनी दिवाळी अंकासाठी लिही म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मला आठवीच्या पुढची शाळा माहीत नाही, मी काय लिहिणार? ते म्हणाले, तुझं काम लिही, असं काम आपल्यात दुसरं कुणी करत नाही. ते खरं आहे. पण हे काम मला मिळालं ते डॉक्टर शैलजा मॅडममुळे आणि टिकलं तेही त्यांच्यामुळेच. त्यामुळे त्यांचं नाव खाली कुठंतरी आभारात आलेलं मला चालणार नाही. ते वरच पाहिजे.

मी नांदेड जिल्ह्यातला, किनवटच्या बाजूचा. एका ठेकेदाराबरोबर बेलूरच्या कारखान्यात माल चढवायला आलो. बेलूर म्हणजे धारवाडजवळचं. तिथं एक दिवस पेटी उचलताना कंबरेत असं काही झालं की मला सरळ उभंच राहता येईना. सोबतच्यांनी रिक्षात आडवं घातलं आणि दवाखान्यात आणून टाकलं. दवाखाना मेडिकल कॉलेजचा. तिथं पेशंटजवळ डॉक्टर कमी येतात, शिकणारी पोरं जास्त येतात. प्रत्येकाच्या हातात वही. प्रत्येकजण विचारणार, काय होतंय, कधीपासून, आधी असं झालं होतं का, घरात कुणाला काही.

शेजारच्या खाटेवरचे अप्पा वैतागायचे. दुसऱ्या पोराला म्हणायचे, पहिल्याला विचार, मी त्याला सांगितलंय. मला तसं जमायचं नाही. मला भीती वाटायची. वाटायचं, एकाला सांगितलेलं दुसऱ्याला थोडं वेगळं सांगितलं तर हे लोक आपसात बोलतील, कागदावर दोन गोष्टी येतील आणि मला भलतंच औषध मिळेल. म्हणून मी पहिल्या पोराला जे शब्द वापरले तेच सगळ्यांना वापरले. पेटी उजव्या हातानं धरली होती तर उजव्याच. कळ मांडीच्या मागून उतरली तर तेवढीच उतरली, एक बोट खाली नाही.

एका सकाळी शैलजा मॅडम फेरीला आल्या. मागं पोरांचा घोळका. त्यांनी तिघांच्या वह्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. हिंदीत विचारलं, "तुम्ही सगळ्यांना हेच सांगता?"

मी घाबरलो. म्हणालो, "मॅडम, चुकलं काय?"

"नाही. चुकलं नाही म्हणूनच विचारतेय."

मी बरा झालो, पण ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. ओझं नाही तर बेलूरमध्ये मला कोण ठेवतो? शेतातही ओझंच. गावाकडे बायको सुनंदा आणि मुलगी, दोघी माझ्या आईवडिलांकडे. त्यांना मी सांगितलेलं, दिवाळीनंतर इकडे आणतो. घरी काय तोंडानं जायचं या विचारात सुटीचा कागद घेऊन जिन्यात बसलो होतो, तिथं मॅडमनी मला हाक मारली. त्या दिवसापासून मी सरावाचा पेशंट.

हे काम असं असतं. डॉक्टर होणाऱ्या पोरांची परीक्षा घ्यायची तर खऱ्या पेशंटवर घेता येत नाही. खरा पेशंट दमतो, दुसरं पोर आलं की चिडतो, संध्याकाळपर्यंत बरा तरी होतो नाहीतर जास्त तरी होतो. मग शेवटच्या पोराचं नशीब पहिल्यासारखं राहत नाही. म्हणून आमच्यासारखी माणसं बसवायची. आम्हाला एक आजार देतात, एक घर देतात, एक स्वभाव देतात. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात मार्क देणारे सर. पोरगं येतं, मला विचारतं, मी सांगतो. घंटा झाली की ते जातं आणि दुसरं येतं. त्या दुसऱ्यासाठी मी पुन्हा नव्यानं आजारी पडतो.

मॅडमनी मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "दत्तण्णा, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारलं तर लपवायचं नाही."

मला आधी वाटलं, सोपं आहे. पण माणूस तसा नसतो. समोर कुणी आपुलकीनं बसलं की आपण सगळंच सांगून मोकळे होतो.

परीक्षा संपली की आम्ही पोरांना चार शब्द सांगायचे असतात. त्यालाही रीत आहे. आधी खुर्चीवरून उठायचं, पेशंटची शाल काढून ठेवायची, म्हणजे आता बोलणारा दत्ता आहे हे पोराला कळतं. मग आपल्याला काय दिसलं तेवढंच सांगायचं. "तुम्ही उद्धट आहात" असं म्हणायचं नाही. "मी पायाचं सांगत होतो तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघत होता, मला वाटलं आवरतं घ्यावं" असं म्हणायचं. पहिलं ऐकून पोरगं चिडतं. दुसरं ऐकून पोरगं पुढच्या वेळी घड्याळ काढून खिशात ठेवतं. हीच रीत मॅडम प्राध्यापकांनाही शिकवायच्या आणि प्राध्यापकांना ती आमच्यापेक्षा जड जायची. एक सर दर वेळी "छान, पण अजून वाचन वाढवा" एवढंच म्हणायचे. मॅडम त्यांना विचारायच्या, "सर, वाचन वाढवून ती मुलगी पेशंटचा हात हळू कसा धरणार?"

माझ्याबरोबर दुसरी पेशंट होती गंगक्का. साठीची बाई, आधी हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात पालेभाज्या विकायची. गुडघे गेले तेव्हा दवाखान्यात आली आणि माझ्यासारखीच इथं अडकली. तिची अडचण वेगळी होती. तिला पोरांची दया यायची. पोरगं आत आलं की आधी तीच विचारायची, "ऊटा आतेनप्पा?" म्हणजे जेवलास का बाबा. पेशंटच डॉक्टरला जेवणाचं विचारतो म्हटल्यावर पोरांना पुढचं काही सुचायचं नाही.

एकदा तिला रागावलेल्या सासूचं काम दिलं होतं. सून बाळंतीण आहे आणि डॉक्टर बघायला आले नाहीत, म्हणून सासू भांडते. पोरानं शांतपणे समजूत काढायची, हे मार्कांचं. गंगक्का भांडायला उभी राहिली, पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे, तुला तरी कुठं वेळ मिळतो."

मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "अक्का, तुम्ही भांडला नाहीत तर त्याची परीक्षा कशी होणार?"

"लेकराचे ओठ वाळले होते मॅडम. बाजारात गिऱ्हाईकाशी भांडायची मी. गिऱ्हाईक वेगळं."

माझ्याकडे आलेली काही पोरं मला अजून आठवतात. एकानं सगळं बरोबर विचारलं, सगळं बरोबर तपासलं, पण माझा उजवा पाय दुखत असताना डावा तपासला. मी काही बोललो नाही, बोलायचं नसतंच. पण कोपऱ्यातले सर खोकायला लागले. पोराला वाटलं सरांना खोकला झालाय, त्यानं खिडकी बंद केली. एक मुलगी होती, ती हात लावायच्या आधी आपले तळवे एकमेकांवर चोळायची, गार लागू नये म्हणून. त्याला मार्क नव्हते. मी ते तिला शाल काढल्यावर सांगितलं, तर ती म्हणाली, "माझी आजी दूध काढायच्या आधी असंच करायची." आता ती कुठंतरी डॉक्टर असेल.

वडिलांना हे काम मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. फोनवर त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे खोटंखोटं आजारी पडायचे पैसे देतात?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "खरं नको पडू मग."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमचे प्राचार्य अंगडी सर. मनानं चांगले, पण त्यांना हा सगळा प्रकार नाटक कंपनी वाटायचा. त्यांनी मॅडमना सांगितलं, एक चाचणी परीक्षा घ्या. दोन खोल्या, दोन पेशंट, आजार एकच. अर्धी पोरं इकडे, अर्धी तिकडे. मार्क जवळजवळ सारखे आले तर पुढं चालू. नाहीतर बंद. बंद म्हणजे गंगक्का घरी आणि मी किनवटला.

आजार होता साखरेचा. पायांची आग होते म्हणून आलेला माणूस. त्यातली मेख अशी की त्यानं आपल्या मनानं गोळ्या बंद केलेल्या आहेत आणि शेजाऱ्यानं दिलेली मेथीची पूड तो खातोय. हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही. "गोळ्या नियमित घेता का?" एवढं विचारलं की मग सांगायचं. ज्याला हे कळलं त्याला खरा आजार कळला, ज्याला नाही त्याचं अर्धं काम राहिलं.

मी कन्नड शिकलो होतो, पण पाठ करून. माझं सगळं बोलणं मॅडमनी कन्नडमध्ये बसवून दिलं होतं आणि ते मी अभंगासारखं म्हणत असे.

सकाळी काही पोरांची चाचणी झाली. मार्क आले. गंगक्काच्या खोलीतली पोरं साधारण सारखी होती. माझ्या खोलीत मात्र दोन तट पडले होते. काही पोरांना भरघोस आणि काहींना फारच कमी. त्यात केरळची एक मुलगी होती, लिजी. अभ्यासात चांगली म्हणून सगळे ओळखायचे तिला. तिला सगळ्यांत कमी. ती व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती, ते मी बघितलं.

मॅडमना आधी वाटलं, मार्क देणारे सर कडक असतील. त्यांनी जेवणानंतर दोन्ही खोल्यांतले सर बदलले आणि उरलेल्या पोरांची परीक्षा घेतली. तरी माझ्या खोलीत तेच. मग त्यांनी मला समोर बसवलं.

"दत्तण्णा, सगळ्यांत जास्त मार्क पडलेल्या त्या निपाणीच्या मुलाला गोळ्यांचं न विचारता सांगितलंत का?"

"नाही मॅडम." माझा त्यावर पक्का विश्वास होता.

"बरं. तो आला तेव्हा काय काय झालं ते तसंच बोलून दाखवा."

मला एकदा बोललेलं पुन्हा तसंच बोलता येतं. मी सुरू केलं. तो आला, कन्नडमध्ये अडखळला. मी बघितलं, पोरगं मराठी दिसतंय. म्हणालो, बोला की मराठीत. तो हसला, सरकून बसला. म्हणाला, काय त्रास होतोय काका? आणि मी म्हणालो, "काय सांगू बाबा, पायाची नुसती आग. त्यात गोळ्या सोडल्या, आन् शेजारच्यानं मेथीची पूड दिली तर..."

तिथं मी थांबलो.

इथं हुबळी-धारवाडला हे सगळेच करतात. दुकानात, बसमध्ये, समोरचा कुठल्या भाषेत अवघडलाय हे बघायचं आणि त्याच्या भाषेत जायचं. त्याला इथं माणुसकी म्हणतात आणि माझ्यासारख्या परक्याला त्याच माणुसकीनं इथं उभं केलंय. मीही तेच शिकलो होतो. पण माझं कन्नड पाठ केलेलं होतं, ते जिथं संपायचं तिथं संपायचं. मराठीला कुठं संपायचं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. निपाणी, बेळगावकडची पोरं आली की मी घरच्यासारखा बोलत सुटायचो. लिजीनं मोडक्या कन्नडमध्ये विचारलं आणि तिला मी पाठ केलेलं तेवढंच दिलं. गोळ्यांचं तिनं विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

अंगडी सरांच्या खोलीत मॅडमनी हे जसंच्या तसं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं होतं त्या काहीतरी सांभाळून घेतील. त्यांनी एक शब्द लपवला नाही.

सर म्हणाले, "मग झालं तर. ज्या मुलीला कमी पडले तिला मी काय सांगायचं? पेशंटला तुझी भाषा येत नव्हती असं?"

प्रश्न बरोबर होता.

मॅडम म्हणाल्या, "सर, ही चाचणी होती, मार्क धरायचे नाहीत. या खोलीतल्या सगळ्यांची मी पुन्हा घेईन. पण दत्तण्णाकडून झालं ते आपल्याकडून होत नाही का? पुढच्या आठवड्यात प्राध्यापकांची कार्यशाळा आहे. ती होऊ द्या, मग बंद करायचं की नाही ठरवा."

"कार्यशाळेत काय दाखवणार?"

"तुम्हीच या की सर."

"येतो," सर म्हणाले. "मार्क द्यायलाही बसतो."

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "या वेळी तुम्ही पेशंट नाही, विद्यार्थी. तोंडी परीक्षा द्यायची."

"मॅडम, मी आठवी."

"म्हणूनच. तुम्हाला उत्तरातलं काही कळत नाही, त्यामुळे तुम्ही ते सुधारणार नाही."

बेत असा होता. प्राध्यापकांचे दोन गट करायचे. एकेक गट वेगवेगळा आत येणार. मॅडम स्वतः तेच प्रश्न त्याच क्रमानं वाचणार आणि मी दोन्ही वेळा तीच उत्तरं देणार. वॉर्डात बोलतात तसं, इंग्रजी शब्द घातलेल्या कन्नडमध्ये. काही बरोबर, एक अर्धवट, एक साफ चूक. मी खोटा विद्यार्थी आहे हेही सगळ्यांना आधीच सांगणार. फरक एकच. आमच्याकडे तोंडी परीक्षा सुरू होताना कुणीतरी हमखास विचारतं, "यावूर?" म्हणजे गाव कुठलं. पहिल्या गटाला मी सांगायचं किनवट. दुसऱ्याला सांगायचं अळणावर, म्हणजे इथलंच, धारवाडजवळचं.

अंगडी सर अळणावरचे. ते दुसऱ्या गटात. मी मूळचा कुठला ते त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "एक शब्द जरी बदलला तर सगळं वाया. मग मी सरांना काही म्हणू शकणार नाही."

मी त्या आठवड्यात दवाखान्यामागच्या चिंचेखाली गंगक्कासमोर उत्तरं म्हणायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण कान पक्का होता. मध्येच म्हणायची, "काल 'मग' म्हणालास, आज 'नंतर' म्हणालास." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

"अक्का, हे चुकलं तर तुलाही घरी बसावं लागंल."

"बसंन की. गुडघ्याला बरंच. तू तुझं बघ, तुझी बायको यायचीय."

चुकीचं उत्तर असं होतं. साखरेच्या पेशंटच्या पायाला बधिरपणा आलाय, पाय गार लागतात, तर काय सल्ला द्याल? मी म्हणायचं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायला सांगेन. हे का चूक ते मॅडमनी मला नंतर समजावलं. पाय बधिर असतो, चटका बसला तरी पेशंटला कळत नाही, पाय भाजून निघतो. आधी मला ते मुद्दाम सांगितलं नव्हतं.

कार्यशाळेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिला गट आला. कुणीतरी विचारलंच, "यावूर?"

"किनवट, सर. नांदेड जिल्हा."

"ते कुठं आलं?" एक मॅडम शेजारच्यांना म्हणाल्या. शेजारच्यांनी खांदे उडवले. प्रश्न सुरू झाले, मी उत्तरं दिली. गरम पाण्याच्या पिशवीपाशी दोघांनी माना हलवल्या आणि लिहिलं. झालं.

दुसरा गट आला. अंगडी सर पुढच्या खुर्चीत. त्यांनीच विचारलं, "यावूर?"

"अळणावर, सर."

"अळणावर?" सरांचा चेहरा एकदम सैल झाला. "अळणावरात कुठं?"

हे आमच्या बेतात नव्हतं. मी अळणावर बघितलं होतं ते गाडी बदलताना. मॅडमकडे बघायची सोय नव्हती. म्हणालो, "स्टेशनजवळ, सर. भाड्यानं."

"हं," सर शेजारच्यांना म्हणाले, "नम्म कडेयवा." आपल्याकडचा आहे.

प्रश्न सुरू झाले. मी म्हणत गेलो तसे सर मान डोलवत गेले. मला कुणी असं मान डोलवून ऐकलं की बरं वाटतं. मग पाय शेकायचा प्रश्न आला. मी उत्तर दिलं. सर पुढं वाकले. आवाज अगदी मऊ.

"घाई नको. पाय बधिर आहे म्हणालास ना? मग त्याला चटका कळेल का?"

मी आठवीचा असलो तरी एवढं मला तिथंच कळलं. सर हात धरून मला वर ओढत होते. "नाही, कळणार नाही" म्हणालो असतो तर उत्तर सुधारलं असतं, सरांना बरं वाटलं असतं. आणि माझं काम ठेवायचं की नाही हे त्याच माणसाच्या हातात होतं. मी टेबलाच्या कडेला अंगठा दाबून धरला.

"शेकायला सांगेन, सर. गरम पाण्याच्या पिशवीनं."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही आवडत नाही. आपल्या गावचं पोर हातचं गेलं, असं काहीतरी होतं ते.

मग मॅडमनी दोन्ही गटांना एकत्र बसवलं आणि फक्त शेकण्याच्या उत्तराला कुणी काय दिलं ते विचारलं. पहिल्या गटात सगळ्यांचं शून्य. दुसऱ्यात शून्यंही होती, पण अर्धा मार्क देणारे बरेच निघाले. अंगडी सरांनीही अर्धा दिला होता.

तेव्हा मॅडमनी काय बदललं होतं ते सांगितलं. मॅडम कुणावर खेकसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा मुलगा दोन्ही वेळा पेशंटचा पाय भाजतोय. दुसऱ्या वेळी थोडा कमी भाजला का?"

आधी मागं कुणीतरी हसलं, मग सगळे. सर हसले नाहीत. म्हणाले, "अळणावरचा म्हणून नाही दिला मॅडम. पोरगा घाबरला होता म्हणून दिला."

पहिल्या गटातल्या किनवट कुठं आलं विचारणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्यापुढंही तो एवढाच घाबरलेला होता. आम्हाला दिसलाच नाही."

माझ्याबद्दल हे चाललेलं असताना मी भिंतीला टेकून उभा होतो आणि तिसऱ्यांदा घाबरत होतो.

सर बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले. मग उभे राहिले. म्हणाले, "मी इतकी वर्षं गाव विचारतोय. पोराची भीती जावी म्हणून विचारतो." मग जरा थांबून, "जायची ती आपल्याकडच्यांचीच जात असणार."

त्या दिवशी ठरलं, गाव विचारायचं ते मार्क लिहून झाल्यावर. कुणी अडकलं तर एक ठरलेलं वाक्य सगळ्यांना म्हणायचं, नाहीतर कुणालाच नाही. आणि आम्हा पेशंटांचंही ठरलं, एका परीक्षेत एकच भाषा. मराठीतलं बोलणंही मॅडमनी मला बसवून दिलं, शेवटच्या शब्दापर्यंत. माझ्या खोलीतल्या पोरांची परीक्षा पुन्हा झाली. लिजीनं या वेळी गोळ्यांचं विचारलं आणि मी सांगितलं. तिच्या मनात पहिली परीक्षा राहिली असणार. व्हरांड्यात तिच्याशी तेव्हाच बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पेशंटनं बाहेर बोलायचं नसतं म्हणून नाही बोललो.

हॉल रिकामा झाल्यावर अंगडी सर माझ्यापाशी आले.

"आता मार्क लिहून झालेत," म्हणाले. "खरं गाव कुठलं?"

"किनवट, सर. पहिल्यांदा सांगितलं तेच."

"तिथं काय पिकतं?"

मी सांगायला लागलो. कापूस, सोयाबीन, मग जंगल, सागवान, मग आमचा नाला. सर ऐकत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "कामावर या उद्या. आणि अक्कांना सांगा, भांडायला शिका म्हणावं."

सुनंदा आणि मुलगी त्या दिवाळीनंतर इकडे आल्या. मुलगी आता कन्नड शाळेत जाते आणि माझे उच्चार सुधारते. गंगक्का अजून कुणाशी भांडत नाही, तिला आता सगळे रडणाऱ्या आईचं काम देतात, ते ती फार चांगलं करते.

शैलजा मॅडम मात्र इथं नाहीत. संस्थेनं त्यांना कलबुर्गीच्या बाजूला नव्या कॉलेजात पाठवलं आहे. तिथं सगळं पहिल्यापासून. परवा फोनवर म्हणाल्या, इथले प्राचार्य याला सर्कस म्हणतात, पेशंट व्हायला कुणी तयार नाही, आणि मला इथं अजून कुणी ओळखत नाही. त्या हसत सांगत होत्या, पण परक्या गावात माणूस कसा हसतो ते मला माहीत आहे.

मॅडमना मराठी वाचायला वेळ लागतो, तरी हा अंक मी त्यांना पाठवणार आहे, म्हणून इथंच लिहून ठेवतो. मॅडम, तिकडच्या पहिल्या परीक्षेला मला बोलवा. गाडीभाडं माझं. तुम्ही माझ्यासाठी तुमच्या सरांपुढं शब्द टाकला, तो मी तुमच्या तिथल्या सरांपुढं फेडीन. तुम्ही द्याल ते चुकीचं उत्तर, तुम्ही म्हणाल तितक्या वेळा, समोरचा कितीही मायेनं विचारो, एक अक्षर न हलवता देईन.